केणीचा समुद्र, एकेका डोळ्याने

आमच्या घराला बाहेरून फिकट जांभळा रंग आहे हे माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, मागच्या दिवाळीनंतर कळलं. घर हुबळीच्या विद्यानगरात, रंग सहा वर्षांपूर्वीचा आणि निवडलेला त्यांनीच. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आम्ही रिक्षातून उतरलो, दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि अप्पा फाटकाशी उभे राहून म्हणाले, "हे कुणाचं घर?"

अप्पा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. लॅमिंग्टन रोडच्या बाजूच्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं मुलांना रंग शिकवले. घर रंगवायचं ठरलं तेव्हा त्यांनी शेडकार्ड उन्हात धरून 'मोतिया' म्हणून जो रंग निवडला, तो मोतिया नव्हता. डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू पिकत होता, आणि त्यातून सगळंच पिवळट दिसतं. शेजारच्यांनी सहा वर्षांत चकार शब्द काढला नाही. ड्रॉइंग मास्तरांनी निवडलाय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

खरी पंचाईत पुढे झाली. अप्पांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला. डॉक्टर म्हणाले, फार लांबवू नका, एक डोळा नवा आणि एक जुना असला की पायऱ्यांचा अंदाज चुकतो. अप्पांचा कपाचाही चुकत होता. ते चहा ओतायचे आणि तो बशीत पडायचा. पण डोळ्याचा विषय काढला की ते पेपर वाचायला लागायचे, आणि तोही एक डोळा झाकून.

शेवटी त्यांनी एक अट घातली. समोरच्या खोलीत त्यांचं एक जलरंगातलं चित्र आहे, अंकोल्याजवळच्या केणीच्या किनाऱ्याचं. आई होती तेव्हा तिथे बसून काढलेलं. आईनंच ते फ्रेम करून आणलं आणि स्वतः खिळा ठोकून टांगलं. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. चित्रात पाण्याच्या कडेला हिरव्या इरकलमधली एक छोटी बाई आहे, ती आई. नव्या डोळ्याला त्यातला समुद्र भडक निळा दिसतो आणि आईचं हिरवं इरकलही निळंच दिसतं. जुन्या डोळ्याला सगळं जिथल्या तिथे वाटतं.

"मला केणीला ने," अप्पा म्हणाले. "त्याच जागेवरून फोटो काढ. कुठला डोळा खरा ते बघू. मग ठरवतो."

मी कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि सुट्टीत किनाऱ्यांचे फोटो काढते, हे या ब्लॉगच्या वाचकांना माहीत आहेच. मी छाती पुढे काढून सांगितलं, "रॉमध्ये काढते, अप्पा. रॉमध्ये कॅमेरा स्वतःचं काही घालत नाही. जे असेल ते येतं." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते गिळावं लागलं.

बरोबर अक्का आल्या. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. राहतात धारवाडात, पण अप्पांच्या ऑपरेशनपासून मुक्काम आमच्याकडेच; सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत, आणि सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि त्या ते कुणालाही विसरू देत नाहीत.

हुबळीहून अंकोल्याला जायचा रस्ता सोपा आहे: कारवार रोडनं बाहेर पडा, कलघटगी, यल्लापूर, मग आरबैल घाट उतरला की अंकोला. साडेतीन-चार तास धरून चाला. घाटात ट्रकच्या मागे अडकलात तर पाच तास धरा, आणि ओव्हरटेक करायचा मोह आवरा. यल्लापूरला न्याहारीला थांबा. इडली सगळीकडे मिळते, पण तिथे कषाय मागा. धने-जिऱ्याचं गरम, दुधाळ पेय, प्यायलं की घाटात मळमळत नाही. अक्कांनी दोन घेतले, दुसरा परतीच्या घाटासाठी आत्ताच.

घाटात झाडी दाट झाली तसा अप्पांनी उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा.

"काय करतोयस रे?" मागच्या सीटवरून अक्का.

"झाडं बघतोय."

"दोन्ही डोळ्यांनी बघ की. तिकीट एकच आहे."

"दोन्हींनी बघितलं की भांडतात," अप्पा म्हणाले.

अंकोल्यात आम्ही बसस्टँडजवळच्या एका साध्या लॉजवर उतरलो. चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी, भाडं खिशाला परवडणारं. दुपारी मासळीचं ताट जेवलो. म्हणजे मी आणि अक्का जेवलो; अप्पांनी भात-सार घेतलं. अक्का धारवाडात शुद्ध शाकाहारी आहेत. अंकोला धारवाड जिल्ह्यात येत नाही, हे त्यांनी तळलेला बांगडा सोडवताना मला समजावून सांगितलं.

लॉजच्या पायऱ्या उतरताना अप्पा पडले. फार नाही, शेवटची पायरी जिथे त्यांना वाटली तिथे नव्हती, आणि ते खाली बसले. कोपर खरचटलं. अक्कांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि पदरानं कोपर पुसलं.

केणी अंकोल्यापासून अगदी जवळ आहे. मच्छीमारांची वस्ती, ओढून ठेवलेल्या होड्या, सुकत घातलेली जाळी, पलीकडे सुरूची झाडं आणि समुद्रात शिरलेला डोंगराचा पाय. नारळपाणीवाले, छत्र्या, उंटावरची सफर यातलं काही नाही, तेव्हा मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी सांगून ठेवा. मावळतीच्या दीड-दोन तास आधी पोचा. त्या वेळी उजेड तिरपा असतो आणि वाळूचे थर दिसतात.

अप्पांनी त्यांची जागा लगेच ओळखली. एका सपाट खडकापाशी जाऊन म्हणाले, "मी इथं बसलो होतो. ती तिथं, पाण्याजवळ. लांबची होडी ती आधी दाखवायची, मग मी काढायचो. चित्रातल्या तिन्ही होड्या तिनं दाखवलेल्या आहेत."

मग ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि डॉक्टरांकडे करतात तसा तळवा डोळ्यावर ठेवला.

"उजव्यानं बघितला तर चांदीसारखा. खाली निळसर राखाडी."

तळवा बदलला.

"डाव्यानं बघितला तर चहा."

होडीजवळ मासे निवडणाऱ्या एका बाईनं हे बराच वेळ पाहिलं आणि अक्कांना विचारलं, "एन् नोडतारी?" काय बघतायत?

"समुद्र," अक्कांनी कन्नडमध्येच सांगितलं. "ओंदोंद कण्णिले." एकेका डोळ्याने.

बाईनं मान डोलावली आणि ती पुन्हा मासे निवडायला लागली.

मी ट्रायपॉड लावत होते तेव्हा अप्पा माझ्याजवळ आले. समुद्राकडे बघतच बोलले.

"नंदे, उजव्यानं सगळं स्वच्छ दिसतं. मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या आईला मी शेवटची कितीतरी वर्षं ह्या जुन्या डोळ्यांनी बघितलं. त्यातला एक गेला. हा पण दिला की ती कशी दिसत होती ते मला कोण दाखवणार?"

ट्रायपॉडचे पाय घट्ट होते, ते मी पुन्हा घट्ट केले. इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते, आणि ते घाबरले होते.

पाण्याच्या कडेला, आई उभी होती तिथे, कुणीतरी उभं राहायला हवं होतं. अक्का चपला काढून गेल्या. अप्पा त्यांना हातानं इकडे सरक, तिकडे सरक करत होते. अक्का वळून ओरडल्या, "तुझे दोन समुद्र राहू देत, ह्यातला एक माझी चप्पल घेऊन चाललाय!"

अप्पा चप्पल धरायला पाण्यात गेले. मी त्यांना फ्रेमबाहेर या म्हणून ओरडत होते आणि बोट बटणावरच होतं. लाट मागे सरली, ओल्या वाळूवर आभाळ उमटलं, सूर्यावर पातळ ढग आला आणि सगळा उजेड एकदम मऊ झाला. नंतर मी अंधार पडेपर्यंत फोटो काढले, सगळे शिस्तशीर. पण कामाचा तोच एक निघाला: अक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या, शेजारी पांढऱ्या शर्टातले अप्पा पाठमोरे, हातात एक चप्पल. दुसरी अजून तिथेच कुठेतरी असेल. दुसऱ्या दिवशी अंकोल्याच्या बाजारात नवी जोडी घेतली आणि जेवायला घरी पोचलो.

आता एडिटिंग. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फोनमधला फोटो म्हणजे भाजून ताटात आलेली भाकरी. रॉ फाइल म्हणजे मळलेलं पीठ. सगळं त्यात असतं, पण तसंच खाता येत नाही.

मी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर लावला. एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला अक्का. फाइल उघडली. मळकट, राखाडी, उदास.

"हे काय?" अक्का म्हणाल्या. "आपण गेलो तेव्हा बरा होता की समुद्र."

"रॉ असाच दिसतो. आता बाहेर काढायचा."

आधी क्षितिज सरळ केलं. समुद्र डावीकडे किंचित ओसरत होता; अप्पांना ते डोळा न झाकताच दिसलं. मग एक्स्पोजर थोडं वाढवलं, आभाळाचा लखलखाट खाली आणला, सावल्या उघडल्या. सावल्या फार उघडू नका, खडक धुतल्यासारखे दिसतात. कॅमेऱ्यात शिरलेल्या धुळीचे ठिपके आभाळात आले होते, ते एकेक करून पुसले. वाळूवरची प्लास्टिकची बाटली काढली. कोपऱ्यातलं कुत्रंही काढणार होते.

"कुत्रं राहू दे," अप्पा म्हणाले. "ते नसलं तर तो कोपरा पडतो."

मास्तरांचं बरोबर होतं. कुत्रं ठेवलं. मग आभाळावर वरून खाली विरत जाणारा हलका काळोख घातला, लाटेच्या फेसाला थोडी धार दिली. तासाभरात चित्र उभं राहिलं आणि मी व्हाइट बॅलन्सपाशी आले. पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून सगळ्या फोटोचा रंग थंडाकडे किंवा उबेकडे ढकलायचा, तो हा व्हाइट बॅलन्स. त्याची पट्टी मी सहज सरकवली. समुद्र निळा झाला. परत सरकवली. समुद्र सोनेरी झाला.

अप्पा पुढे वाकले. "थांब. ह्यातला खरा कुठला?"

"कॅमेऱ्यानं धरलेला हा, मधला."

"आणि कॅमेऱ्याला कसं कळलं?"

"तो... अंदाज करतो."

"अंदाज?"

"रॉमध्ये रंग पक्का झालेला नसतो, अप्पा. तो आपणच ठरवायचा असतो."

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे कॅमेऱ्याला पण माहीत नाही. मग घाट उतरून कशाला गेलो?"

"मासे खायला," अक्का म्हणाल्या.

मी घाईघाईनं सांगितलं की याला उपाय आहे. फोटोत जे नक्की पांढरं आहे त्यावर बोट ठेवायचं, की सॉफ्टवेअर त्यावरून बाकीचं जुळवतं. आणि फोटोत नक्की पांढरं काय होतं? अप्पांचा शर्ट. मी त्याच्या पाठीवर क्लिक केलं.

सगळा समुद्र चहा झाला. आभाळ हळदीचं, फेस सायीसारखा, अक्का पिवळ्याधमक.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. एक तर सूर्य समोर होता, म्हणजे शर्टाची पाठ सावलीत, आणि सावलीवर आभाळाचा निळा पडतो. दुसरं म्हणजे अप्पांचे शर्ट अक्का धुतात, आणि अक्कांचा निळीवरचा हात सढळ आहे. आमच्याकडे पांढरा म्हणतात तो शर्ट मुळात निळा असतो. सॉफ्टवेअरनं तो निळा काढून टाकायला सगळ्या फोटोवर पिवळा ओतला होता. यापुढे कुणी पांढरा शर्ट घालून फोटोत आलं तर वाचकांनी आधी निळीची चौकशी करावी.

"मला कावीळ झाल्यागत दिसतेय," अक्का म्हणाल्या.

मी मागे घ्यायला गेले तेवढ्यात अप्पांनी माझा हात धरला. घट्ट धरला.

"राहू दे. मघाचा शेजारी लाव."

मी दोन्ही शेजारी शेजारी लावले. डावीकडे कॅमेऱ्याच्या अंदाजाचा, उजवीकडे निळीच्या चुकीचा. अप्पांनी नवा डोळा झाकून जुन्यानं डावीकडचा बघितला. मग जुना झाकून नव्यानं उजवीकडचा बघितला. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही.

"पिवळा जरा कमी," अप्पा म्हणाले. मी केला.

"काळोख घाल थोडा. हां. आता धार काढून टाक, एवढं टोकदार नाही दिसत मला."

मी मघाशी घातलेली सगळी धार काढली. आणखी थोडी मऊ केली. त्यांनी पुन्हा तळवा बदलला, पुन्हा बदलला, आणि हात खाली घेतला.

"दोन्ही सारखे," ते म्हणाले. "जुन्या डोळ्याला तो जसा, तस्सा नव्या डोळ्याला हा."

मग ते बराच वेळ नव्या डोळ्यानं त्या पिवळ्या समुद्राकडे बघत बसले.

"हा छापून मिळतो?"

"मिळतो."

"रंग उडतो?"

"चांगल्या कागदावर घेतला, काच लावली आणि उन्हात ठेवला नाही, तर आपल्या जन्मात नाही."

अप्पांनी चष्मा घातला. "मग डॉक्टरांना फोन कर," ते म्हणाले. "डोळा सांभाळून काय करायचंय आता?"

अक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिकडे उगीचच भांडी घासत राहिल्या. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

छापण्याबद्दल एक सूचना. मी दोन्ही फाइली लॅबमध्ये दिल्या, मॅट कागदावर. संध्याकाळी लॅबमधल्या माणसाचा उत्साहात फोन आला, "म्याडम, एका फोटोत सगळं यल्लो मारलं होतं. मी काढून टाकलो बघा, चार्ज नाही." त्याचे आभार मानून पुन्हा छापायला सांगितलं, आणि या वेळी 'पिवळा हवाच आहे' असं चिठ्ठीवर लिहून दिलं. तो चिठ्ठीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढून अप्पा घरी आले, फाटकाशी थांबले नाहीत, सरळ समोरच्या खोलीत गेले. भिंतीवर त्यांचं चित्र होतं आणि त्याखाली केणीचे दोन समुद्र. ते पिवळ्यासमोर उभे राहिले.

"नंदे, एवढा पिवळा केलास?"

"तुम्हीच जुळवलात, अप्पा."

"मी?"

"तुम्ही. अक्का होत्या की शेजारी."

"माझ्यासमोर जुळवलास," अक्का म्हणाल्या. "मला कावीळ झाली तरी थांबला नाहीस."

त्यांचा विश्वास बसला नाही. सवयीनं तळवा डोळ्यावर नेला, मग दुसऱ्या डोळ्यावर. आता दोन्हीकडून एकच दिसत होतं. मला भीती वाटली की आता ते विचारतील, मग काय राहिलं? पण ते नजर वर करून आपल्या चित्राकडे बघायला लागले. भडक निळा समुद्र, निळं इरकल, लांब तीन होड्या.

"अक्का," ते सावकाश म्हणाले, "हिचे डोळे तर चांगले होते ना?"

"कुणाचे?"

"हिचे. त्या होड्या मला दिसत नव्हत्या, तिनं दाखवल्या."

"शेवटपर्यंत बिनचष्म्याची सुई ओवायची," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे हे चित्र तिला तेव्हाच असं दिसत होतं. आज मला दिसतंय तसं. आणि तरी तिनं भिंतीवर लावलं." मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "आणि घर?"

अक्कांनी पदर सारखा केला. "घर रंगवलं त्या दिवशी मला धारवाडला फोन आला होता तिचा. म्हणाली, अक्का, घर जांभळं झालंय. बघायला या, पण ह्यांच्यासमोर काही बोलू नका. फार मनापासून निवडलाय त्यांनी."

अप्पा खुर्चीत बसले. आधी हसले, मग चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मी चहा आणला. तो त्यांनी स्वतः ओतला, कपातच.

सहलीतून काय उरलं, असं ब्लॉगच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. माझ्यापुरतं म्हणायचं तर कॅमेरा खोटं बोलत नाही हे वाक्य मी आता वर्गातही वापरत नाही. अक्कांच्या नव्या चपला त्यांना चावतात. पिवळा समुद्र भिंतीवर आहे, पाहुणे विचारतात आणि अप्पा त्यांना निळीची गोष्ट सांगतात.

आणि घराला पुन्हा रंग द्यायची वेळ झाली होती. मागच्या महिन्यात पेंटर शेडकार्ड घेऊन आला. अप्पा ते घेऊन फाटकाबाहेर गेले, उन्हात धरलं, भिंतीकडे बघितलं, परत कार्डाकडे बघितलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. पेंटरनं जुन्या भिंतीकडे पाहून दबकत विचारलं, "सर, हा तोच आहे ना?"

"हो," अप्पा म्हणाले. "आता बघून निवडलाय."